रबरी भाता का गळतो?

नाशिकला समुद्र नाही. गोदावरी आहे, गंगापूर धरण आहे आणि धरणाच्या जलाशयावर बोट क्लबही आहे. पण खाडीच्या पाण्यात चालणारी जुनी मोटरबोट सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडमध्ये ट्रेलरवर उभी असलेली पाहून आम्हांलाही क्षणभर नवल वाटले. आमच्या एका शिक्षक मित्राच्या थोरल्या बंधूंची ही बोट. दापोलीकडच्या खाडीत आठ-दहा पर्यटकांना फिरवून आणायचे, असा त्यांचा बेत होता. २०१९ साली त्यांनी ती जुनी विकत घेतली, रंगकामासाठी स्वतःच्या शेडमध्ये आणली, आणि पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली. बोट जी उभी राहिली ती तीन-साडेतीन वर्षे उभीच राहिली.

नंतर ती खाडीवर नेली. दिवसभर छान चालली. रात्री नांगरून ठेवली आणि सकाळी पाहतात तो इंजिनाच्या कप्प्यात घोट्याच्या वर पाणी! पाणी उपसणारा छोटा पंप रात्रभर चालून बॅटरी उतरली होती. बोट पुन्हा सातपूरला आली. मिस्त्रींनी पाहून सांगितले, ‘मागचे रबर गेले आहे. सोल्यूशन लावून वरून सीलंट फासू. दिवाळीच्या आत देतो.’ बंधूंना ते पटले. पण आमच्या मित्राच्या मनात एक प्रश्न राहिला व तो घेऊन ते आमच्याकडे आले. त्यांचे म्हणणे असे : टायर पळून झिजतो, चप्पल चालून झिजते. ही बोट तर चाललीच नाही. मग न वापरता रबर गेले कसे?

प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही. त्याचे उत्तर मिळाले तरच सोल्यूशन पुरेल की नाही, हेही कळणार होते.

प्रथम हे रबर बोटीत असते कुठे ते पाहू. मोटरबोटींचे ढोबळ मानाने तीन प्रकार. एकात संपूर्ण यंत्र बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले असते. दुसऱ्यात इंजिन बोटीच्या पोटात असते आणि तळातून एक लांब दांडा बाहेर काढून त्याच्या टोकाला पंखा बसवतात. कोकणातल्या बऱ्याच मोठ्या मासेमारी होड्या अशा असतात. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या फळीला लागून. आणि फळीच्या बाहेर गिअर व पंखा असलेला एक पाय. या पायाला आउटड्राइव्ह म्हणतात. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली हा प्रकार बाजारात आणला आणि तो लवकरच लोकप्रिय झाला. त्याची गंमत अशी, की हा पाय डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. आणि उथळ पाणी आले तर तो वर उचलताही येतो.

आता अडचण लक्षात येईल. इंजिनाची फिरकी बाहेरच्या पायापर्यंत न्यायची तर मागच्या फळीला भोक पाडावे लागते, आणि ते पाण्याच्या पातळीखाली असते. त्या भोकातून जाणारा दांडा फिरतो, आणि पाय वळला की त्याच्याबरोबर सांध्यातून वाकतोही. अशा हलत्या सांध्याभोवती पाणी अडवायला रबरी भाता बसवलेला असतो. हार्मोनियमच्या भात्याला जशा घड्या असतात तशाच याला असतात, फक्त हा नळीसारखा गोल असतो. एक टोक बोटीच्या बाजूला, दुसरे पायाच्या बाजूला, आणि दोन्हीकडे स्टीलची क्लिप आवळलेली. मोटारीच्या पुढच्या चाकाच्या ॲक्सलवर रबरी बूट असतो, तो याचाच धाकटा भाऊ म्हणता येईल. फरक इतकाच, की मोटारीचा बूट फाटला तर ग्रीस उडते व सांधा खराब होतो. बोटीचा भाता फाटला तर बोट बुडते.

‘बुडते’ हा शब्द आम्ही उगाच वापरलेला नाही. नववी-दहावीच्या मुलांकडून पुढचे गणित करून घेता येईल. समजा, भाता पाण्याखाली ३० सेंटिमीटर आहे आणि त्याला २ सेंटिमीटर लांब व १ मिलिमीटर रुंद अशी चीर पडली. एवढ्या खोलीवर चिरेतून पाणी आत येण्याचा वेग टॉरिसेलीच्या सूत्राने, म्हणजे २gh च्या वर्गमुळाने काढला, तर सेकंदाला सुमारे २.४ मीटर येतो. चिरेचे क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटिमीटर. पाण्याची धार भोकातून बाहेर पडताना आक्रसते, म्हणून गुणाकार ०.६ ने कमी करू. उत्तर येते तासाला सुमारे १०५ लिटर; बारा तासांच्या रात्रीत सव्वा टन! भात्याच्या पुढे दांड्याचे बेअरिंग असते व ते पाण्याला थोडे अडवते हे खरे, पण बेअरिंग हे काही बूच नव्हे. आणि त्यात खारे पाणी गेले की तेही गंजून जाते. ज्या चिरेत नखही धड जात नाही, ती एका रात्रीत हे करू शकते. हे गणित आम्ही बंधूंना कागदावर करून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माणसे बसवल्यावर हे झाले असते तर?’

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळू.

रबर म्हणजे लांबलचक साखळीसारख्या रेणूंचा गुंता. झाडाच्या चिकापासून केलेले नुसते रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत कडक होते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ च्या सुमारास असे आढळले, की रबर गंधकाबरोबर तापवले तर हा दोष जातो. गंधकाचे अणू या साखळ्यांना अधूनमधून एकमेकींशी बांधतात. ताणल्यावर साखळ्या सरळ होतात, पण गाठी असल्याने घसरून जात नाहीत. सोडल्यावर पुन्हा गुंता होऊन मूळ आकारावर येतात. (एक रुंद रबरबँड वरच्या ओठाला टेकवून झटकन ताणावा. तो कोमट लागतो. सोडला की गार लागतो. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, आणि तो का घडतो हे सांगताना आपली परीक्षा होते.)

सील म्हणून रबर उपयोगी पडते ते या मूळ आकारावर येण्याच्या ओढीमुळे. रबर हे बूच आहे असे आपण समजतो. वास्तविक ती एक स्प्रिंग आहे. क्लिपने आवळलेले रबर सतत मागे ढकलत असते आणि त्या रेट्यामुळे पाण्याला वाट मिळत नाही. ही ओढ संपली की रबर जागेवर दिसते, पण काम करत नाही. थंडीनेही ती तात्पुरती मंदावते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले, त्याचे मूळ अग्निबाणाच्या सांध्यातल्या रबरी कड्यात होते. त्या सकाळी हवा गोठणबिंदूच्या जवळपास होती. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी तसल्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो लगेच फुगून येत नाही, हे सर्वांसमोर दाखवले.

थंडीतली मरगळ ऊब मिळाल्यावर जाते. वयाने येणारी मात्र जात नाही. हवेतला ऑक्सिजन हळूहळू काही साखळ्या तोडतो, काही नव्या गाठी मारतो. रबर दाबलेल्या स्थितीत असताना या नव्या गाठी पडल्या, तर त्या दाबलेल्या आकारालाच धरून ठेवतात. रबर तोच आपला मूळ आकार मानू लागते. घरातल्या कुकरची जुनी रिंग नव्या रिंगेशेजारी ठेवून पाहावी. जुनी चपटी झालेली, बोटाने वाकवली तर ताठर लागणारी. तिला झालेला रोग हाच. उष्णतेने तो फार लवकर होतो. कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, म्हणून ती रिंग काही महिन्यांत म्हातारी होते. बोटीच्या भात्याला काही वर्षे लागतात.

पण चिरा? त्या या रोगाच्या नव्हेत. त्यांचा कर्ता निराळा आहे, तो म्हणजे ओझोन.

ओझोनचे नाव वातावरणाच्या वरच्या थराशी आपण जोडतो. जमिनीलगतच्या हवेतही तो अत्यल्प असतो. वाहनांच्या धुरावर ऊन पडून तो तयार होतो. हवेच्या दहा कोटी भागांत दोन-चार भाग ओझोन असला तरी रबराला पुरे होतो. रबराच्या साखळीत कार्बनचे जे दुहेरी बंध असतात, नेमक्या त्यांवर तो हल्ला करतो. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की रबर ढिले असेल तर हा हल्ला पृष्ठभागावरच थांबतो. ताणलेले असेल तर तुटलेली साखळी लगेच दोन्हीकडे ओढली जाते, भेग उघडते, आत ताजे रबर ओझोनला मिळते आणि भेग आणखी खोल जाते. म्हणून भेगा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात.

आम्ही शेडमध्ये गेलो तेव्हा आउटड्राइव्हचा पाय वर उचललेला होता. ‘असाच होता का इतकी वर्षे?’ असे विचारले. ‘होय, खाली असला तर जमिनीला लागतो ना,’ बंधू म्हणाले. पाय वर उचलला की भात्याच्या वरच्या घड्या मिटतात आणि खालच्या ताणून उघडतात. भात्याखाली आडवे झोपून विजेरीने पाहिले, तर खालच्या बाजूच्या घड्यांच्या खाचेत, घडीला समांतर, केसाएवढ्या बारीक भेगांची रांगच रांग दिसली. दोन ठिकाणी त्या आरपार गेलेल्या होत्या. पाय खाली सोडला तेव्हा घड्या मिटल्या आणि भेगा दिसेनाशा झाल्या! बोट विकत घेताना पाय खाली ठेवून पाहणाऱ्याला भाता ठणठणीत वाटला असता.

आणखी एक गोष्ट नजरेत आली. बोटीच्या मागच्या बाजूला, चार पावलांवर, वेल्डिंगचे टेबल होते. वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन बनवतात. टाळेबंदी उठल्यापासून तेथे रोज काम चाले. न चालणारी बोट, ताणून ठेवलेला भाता आणि शेजारी ओझोनचे उगमस्थान. ‘न वापरता रबर गेले कसे’ याचे उत्तर मित्राला मिळाले. खरे तर वापरल्याने रबराचे थोडे भलेच होते. त्यात मिसळलेले मेण हलता-हलता पृष्ठभागावर येत राहते असे जुने कारागीर सांगतात. त्याबद्दल आम्ही फार ठामपणे बोलणार नाही, पण एकाच जागी वर्षानुवर्षे ताणलेली घडी ही ओझोनला दिलेले आमंत्रण असते, यात शंका नाही.

शाळेत हे दाखवणे अगदी सोपे आहे. एका फळीवर खिळे ठोकून तीन साधे रबरबँड लावावेत : एक ढिला, एक थोडा ताणलेला, एक दुप्पट ताणलेला. चौथा तसाच ताणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. फळी गच्चीवर सावलीत ठेवून दर आठवड्याला भिंगाने पाहावे व भेगांची चित्रे काढावीत. उन्हाळ्यात काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. डब्यातला आणि बाहेरचा यांची तुलना करायला मुलांना सांगितले, की पुढचे प्रश्न तीच विचारतात.

आता सोल्यूशनचे काय? सायकलच्या ट्यूबवर पंक्चर टिकते, मग येथे का टिकू नये? मिस्त्रींचा हा प्रश्न रास्त होता. पण ट्यूबवरचा तुकडा आतली हवा टायरवर दाबून धरते. त्याला फारसे वाकावे लागत नाही. भात्याची घडी बोट वळेल तितक्या वेळा उघडते आणि मिटते. तुकडा चिकटवला तर ती जागा जाड व ताठ होते आणि सगळा ताण तुकड्याच्या कडेवर येतो. तेथे नवी भेग पडते. शिवाय आतून सांध्याचे ग्रीस पाझरून रबराला लागलेले असते, त्यावर काहीच नीट धरत नाही. आणि भेग एक नव्हती, रांग होती. सीलंटने एक भोक बुजले असते. त्याच्या शेजारचे कोणत्या रात्री उघडले असते ते सांगता आले नसते. मिस्त्रींनी हे ऐकून जुना भाता उतरवला, दोन्ही हातांनी उलटा वाकवला आणि स्वतःच फेकून दिला.

नवा भाता कोणत्या रबराचा हवा, हेही पाहावे लागते. बाहेर खारे पाणी, ऊन, ओझोन, आत ग्रीस. साध्या रबराला तेल सोसत नाही. एक रबरबँड रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून सकाळी कोऱ्या रबरबँडशेजारी ठेवला, तर तो फुगून केवढा मोठा आणि लिबलिबीत होतो ते दिसेल. काही कृत्रिम रबरांना ओझोन सोसतो पण तेल सोसत नाही, काहींना त्याच्या उलट. क्लोरोप्रीन नावाचे रबर दोन्ही बऱ्यापैकी सोसते. ते १९३०च्या दशकापासून वापरात आहे. मापाचा म्हणून दुसऱ्याच कामाचा भाता आणून बसवणे म्हणूनच धोक्याचे. योग्य भाता मुंबईहून मागवला.

तो बसवल्यावर आम्ही आग्रह धरला, की बोट पाण्यात टाकण्यापूर्वी चाचणी करायची. नाशिकमध्ये खाडी कोठून आणणार? पण ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे असतो किती? वातावरणाच्या दाबाचा जेमतेम तीन टक्के. तेवढा आपल्या फुंकरीलाही जमतो. पाय उतरवलेलाच होता. भात्याच्या दोन्ही टोकांची भोके लाकडी चकत्या व रबरी वायसर लावून बंद केली. एका चकतीला दोन बारीक नळ्या बसवल्या : एकीतून फुंकायचे, दुसरी प्लास्टिकच्या पारदर्शक नळीला जोडलेली. ही नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी फळीवर बांधून तिच्यात रंगीत पाणी भरले, शेजारी मोजपट्टी. दोन्ही भुजांतल्या पाण्यात ३० सेंटिमीटरचा फरक पडेपर्यंत मित्राने फुंकले आणि नळी चिमट्याने बंद केली. पाण्यापेक्षा हवा कितीतरी पातळ. जेथून हवा जात नाही तेथून पाणी जाण्याची भीती नाही. म्हणजे ही परीक्षा प्रत्यक्षाहून कडकच होती.

आणि नवा भाता नापास झाला. रंगीत पाणी पाहता पाहता उतरू लागले. दहा मिनिटांत फरक अर्ध्यावर आला. सगळ्यांचे चेहरे उतरले. चकत्यांभोवती साबणाचे पाणी लावले, तेथे काही नाही. घड्यांवर लावले, काही नाही. मग बोटीच्या बाजूच्या क्लिपखाली, अगदी तळाशी, बारीक बुडबुड्यांची माळ उमटली. क्लिप आणखी आवळायला मिस्त्री पुढे झाले, पण थांबले. भाता काढून त्यांनी ज्या धातूच्या गळ्यावर तो बसतो त्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. ‘इथे खड्डा आहे,’ ते म्हणाले. आम्ही इतका वेळ रबराचेच पाहत होतो; दोष त्यांच्या नखाला सापडला.

तो गळा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याच्याशेजारी स्टीलची क्लिप आणि फटीत अडकलेले खारे पाणी. दोन धातू आणि मिठाचे पाणी म्हणजे एक छोटा विद्युतघटच. त्यात ॲल्युमिनियम झिजते. खड्ड्यात त्याची पांढरी भुकटी साचलेली होती. क्लिप कितीही आवळली तरी रबर त्या अणकुचीदार खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचणार नव्हते, उलट जास्त आवळून फाटले असते. सील म्हणजे नुसते रबर नव्हे. रबर आणि ज्यावर ते टेकते तो पृष्ठभाग, अशी ती जोडी असते. गंगापूरसारख्या धरणांच्या लोखंडी दरवाजांच्या कडांनाही रबरी पट्ट्या असतात आणि पाण्याचा दाबच त्यांना समोरच्या पोलादी पट्टीवर रेटत असतो. ती पोलादी पट्टी खडबडीत झाली, तर नवे रबर लावूनही गळती थांबत नाही. आतून झाकण बसणाऱ्या कुकरमध्येही हेच : वाफ स्वतः झाकणाला वर दाबून रिंग घट्ट करते, पण भांड्याची कड ठेचलेली असेल तर वाफ फुसफुसत राहते आणि आपण विनाकारण नवी रिंग आणतो.

मिस्त्रींनी गळा घासून स्वच्छ केला, खड्ड्यात धातूची भुकटी मिसळलेला इपॉक्सी भरला, रात्रभर वाळू दिला आणि बारीक पॉलिश कागदाने नख अडकणार नाही इतका गुळगुळीत केला. भाता पुन्हा चढवला. या वेळी एक तासाने रंगीत पाणी उतरलेले दिसले नाही. मग जवळच असलेला इंजिनाच्या धुराचा रबरी भाता व गिअरच्या तारेवरची लहान नळी, ही दोन्ही रबरेही बदलून टाकली. ती त्याच वयाची होती.

पंख्याच्या दांड्यावरचे ऑइल सील हे वेगळेच प्रकरण. तेथे रबराची धारदार ओठासारखी कड फिरत्या दांड्यावर टेकते, आणि बहुधा दोन सील उलट-सुलट तोंडांनी बसवतात : एक तेल आत ठेवायला, दुसरे पाणी बाहेर ठेवायला. गिअरचे तेल ताकासारखे पांढरट दिसले तर दुसरे हरले असे समजावे. या बोटीचे तेल स्वच्छ निघाले, पण पंख्यामागे मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचे वेटोळे सापडले. अशी दोरी सीलच्या ओठात शिरली की सुरीसारखी कापते. मिस्त्रींनी ती बाटलीत भरून बंधूंच्या टेबलावर ठेवली आहे.

बोट दिवाळीला पोहोचली नाही. डिसेंबरात, पाय खाली सोडून, ती खाडीत उतरवली आणि पर्यटक न घेता तीन रात्री नुसती नांगरून ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी बंधूंचा मित्राला फोन आला. इंजिनाच्या कप्प्यात वाटीभर पाणी होते. मित्राच्या पोटात गोळा आला. ‘मी बोट बुडवून चाखले,’ बंधू म्हणाले, ‘अळणी लागले. रात्रीचे दव आहे, ताडपत्रीवरून ओघळलेले.’